हमसाया

उर्दूत शेजाऱ्याला 'हमसाया' म्हणतात. शब्द मूळ फारसी. 'हम' म्हणजे समान, 'साया' म्हणजे सावली. ज्याच्या आणि आपल्या डोक्यावर एकच सावली पडते तो हमसाया. मराठीनेही या नात्याला कमी मान दिलेला नाही. आपण 'शेजारधर्म' म्हणतो आणि शेजाराला थेट धर्माच्या पंगतीला बसवतो. मात्र दोन्ही शब्दांच्या पोटात एक अवघड प्रश्न आहे. सावली एक असेल तर ऊनही एकच सोसावे लागणार. ते कुठवर सोसायचे? आणि जो माणूस परक्या देशातून, परक्या धर्मातून, सेवा करण्यासाठी म्हणून आपल्या गावात आला आहे, तो कधी खऱ्या अर्थाने हमसाया होऊ शकतो काय?

आपल्याकडे 'मिशनरी' हा शब्द उच्चारताच दोन तयार उत्तरे पुढे येतात. एक उत्तर म्हणते, हे लोक देवमाणसे. जिथे सरकारचा डॉक्टर जात नाही तिथे ते गेले. दुसरे म्हणते, यांच्या एका हातात औषधाची बाटली आणि दुसऱ्या हातात बायबल. सेवा हे निव्वळ आमिष. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांना फारसा विचार करावा लागत नाही. म्हणून या प्रश्नाची चर्चा एका विशिष्ट गावाच्या आधारे करावी असे मला वाटते. त्या गावात सेवा करणारे ख्रिस्ती होते, गाव मुसलमानांचे होते आणि एकत्र राहण्याची किंमत दोघांनाही मोजावी लागली.

अल्जेरियाची राजधानी अल्जिअर्स. तिच्या दक्षिणेस मेदिआ शहराजवळ, अ‍ॅटलास पर्वताच्या कुशीत तिबहिरीन हे गाव आहे. बर्बर भाषेत या नावाचा अर्थ 'भाजीचे मळे' असा होतो. १९३८ साली ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती संन्याशांनी येथे मठ थाटला. हे संन्यासी गावोगाव फिरून प्रवचने देणारे नव्हेत. मौन, प्रार्थना आणि स्वतःच्या हातांनी केलेले श्रम हा त्यांचा नियम. आपल्या नेहमीच्या अर्थाने त्यांना मिशनरी म्हणावे की नाही, असा प्रश्न कुणी विचारील. पण परक्या भूमीत धर्मासाठी जाऊन राहिलेली माणसे म्हणून गावाच्या नजरेत ती त्याच जातकुळीची होती, आणि संशयही तोच होता.

हा संशय निराधार होता असे म्हणता येणार नाही. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जेरियावर स्वारी केली. त्यानंतर १८४३ मध्ये याच ट्रॅपिस्ट पंथाला अल्जिअर्सजवळ स्तावेली येथे वसाहती सरकारकडून मोठी जमीन मिळाली. म्हणजे तलवारीच्या मागोमाग नांगर आला आणि नांगराबरोबर क्रूस आला. पुढे १८६७-६८ च्या दुष्काळात माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. अल्जिअर्सचे आर्चबिशप लाविजेरी यांनी शेकडो अनाथ मुले गोळा केली, त्यांना खाऊपिऊ घातले, वाचवले. पण त्यांतल्या अनेकांना पुढे ख्रिस्ती करून त्यांच्यासाठी वेगळी ख्रिस्ती गावेही वसवली. मुलांचे प्राण वाचवले हे पुण्य खरे. आणि ज्याला आईबाप उरले नाहीत, ज्याच्या पोटात अन्न नाही, त्याच्या श्रद्धेचा निर्णय अन्न देणाऱ्याने घेतला हेही तितकेच खरे. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून १८९३ च्या सुमारास पुण्यात जे वादळ उठले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. आश्रयाला आलेल्या माणसाचा होकार मोकळा असतो का?

याचा अर्थ सेवा कलंकित होते ती केवळ सेवा करणाऱ्याच्या हेतूमुळे नव्हे. देणारा नेहमी वर आणि घेणारा नेहमी खाली, ही रचनाच तिला कलंक लावते. हेतू कितीही शुद्ध असला तरी ज्याचा हात सदैव वर आहे तो शेजारी होऊ शकत नाही. तो फार तर मेहेरबान होतो. उर्दूत 'खिदमत' आणि 'मेहेरबानी' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळेच राहिले पाहिजेत.

तिबहिरीनमध्ये काय घडले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अल्जेरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात (१९५४-६२) डोंगरातल्या वस्त्या उद्ध्वस्त होऊ लागल्या, तेव्हा अनेक कुटुंबे मठाच्या आसऱ्याला आली आणि गाव मठाभोवती वाढले. स्वातंत्र्यानंतर मठाने आपल्या विस्तीर्ण जमिनीचा बहुतांश भाग सोडून दिला आणि थोडीच ठेवली. ती जमीनही गावातल्या काही कुटुंबांबरोबर भागीदारीत कसली जाई. पाणी सामाईक, कष्ट सामाईक, पिकाची वाटणी ठरलेली. क्रिस्तोफ नावाचा संन्यासी मळा सांभाळी. पॉल हा नळकाम जाणणारा. तो पाटपाण्याची व्यवस्था पाही. गावाला मशीद नव्हती तेव्हा मठाने आपल्या आवारातली एक खोली नमाजासाठी दिली. एकाच आवारातून मठाची घंटा आणि मुअज्जिनची अजान ऐकू येऊ लागली.

आणि होते ल्युक. जन्म १९१४ चा, पेशाने डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असलेल्या एका मुलाबाळांच्या माणसाच्या जागी ते स्वखुशीने कैदी म्हणून गेले होते. महायुद्ध संपल्यावर तिबहिरीनला आले आणि सुमारे पन्नास वर्षे तिथल्या दवाखान्यात बसले. फी नाही, आणि रोग्याची चौकशीही नाही. १९५९ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी त्यांना पळवून नेले होते. पण त्यांच्यापैकी एकाने ओळखले, की हा तर आपल्या लोकांना औषध देणारा डॉक्टर! ल्युक सुटले आणि दमा असूनही पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसले.

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मठाचे प्रमुख क्रिस्तियां द शेर्जे यांची हकिगत. १९५९ मध्ये ते तरुण फ्रेंच अधिकारी म्हणून अल्जेरियात होते. म्हणजे जुलमी सत्तेच्या बाजूने! तिथे मुहम्मद नावाच्या ग्रामरक्षकाशी त्यांची मैत्री जमली. मुहम्मद दहा मुलांचा बाप, साधा, नमाजी माणूस. दोघे चालता चालता अल्लाहविषयी बोलत. एके दिवशी हत्यारबंद लोकांनी क्रिस्तियांना गाठले, तेव्हा मुहम्मद मध्ये पडला आणि त्याने त्यांना वाचवले. दुसऱ्या दिवशी मुहम्मदचा मुडदा त्याच्याच विहिरीजवळ सापडला. या प्रसंगाने क्रिस्तियांच्या आयुष्याची दिशा ठरली. १९७१ मध्ये ते तिबहिरीनच्या मठात आले. नंतर रोमला जाऊन अरबी आणि कुरआनचा रीतसर अभ्यास केला आणि १९८४ मध्ये ते मठाचे प्रमुख झाले.

वाचकांनी इथे थोडे थांबावे. हा माणूस मुसलमानांना काही देण्यासाठी त्या डोंगरात गेला नव्हता. तो कर्ज फेडायला गेला होता. एका मुसलमानाने त्याच्यासाठी प्राण दिला होता, आणि ज्याच्यासाठी कुणी प्राण दिला त्याचा हात वर कसा राहणार? सेवेतला कलंक इथे धुऊन निघतो असे मला वाटते. सेवा करणाऱ्याने आधी घेतलेले असावे, आणि आपण घेतले आहे याची त्याला आठवण असावी. गावातल्या एका माणसाशी त्यांचे नेहमी धर्मविषयक बोलणे होई. या बोलण्याला दोघे विहीर खणणे म्हणत. खाली कोणते पाणी लागेल, ख्रिस्त्यांचे की मुसलमानांचे, असा प्रश्न एकदा थट्टेत निघाला. पाणी अल्लाहचेच लागेल, यावर दोघांचे एकमत झाले. धर्मांतराची गरजच अशा मैत्रीत उरत नाही. क्रिस्तियां अखेरपर्यंत निष्ठावान ख्रिस्ती राहिले आणि तो शेजारी निष्ठावान मुसलमान राहिला.

आता उन्हाचा भाग. डिसेंबर १९९१ च्या निवडणुकीत इस्लामी आघाडी विजयाच्या वाटेवर होती. जानेवारी १९९२ मध्ये लष्कराने निवडणूकच रद्द केली. मग सुरू झालेल्या यादवीत लाखाहून अधिक माणसे मारली गेली असे मानले जाते. 'सशस्त्र इस्लामी गट' (जीआयए) या संघटनेने १९९३ च्या अखेरीस परदेशीयांना देश सोडण्याची मुदत दिली. १४ डिसेंबर १९९३ रोजी मठापासून काही किलोमीटरवर बारा क्रोएशियन कामगारांचे गळे चिरले गेले. दहा दिवसांनी, नाताळच्या आदल्या रात्री, त्याच हत्याकांडामागचा म्होरक्या सय्याह अत्तिया माणसे घेऊन मठात आला. त्याने डॉक्टर मागितला, औषधे मागितली, पैसा मागितला. क्रिस्तियांनी सांगितले, डॉक्टर म्हातारा आहे, तो डोंगरात येणार नाही. तुमचे जखमी दवाखान्यात आले तर इतरांसारखे त्यांनाही औषध मिळेल. पैसा आमच्याकडे नाही. शिवाय ही हजरत ईसा (अ.) यांच्या जन्माची रात्र आहे, आम्ही तिची तयारी करीत आहोत. अत्तियाने क्षमा मागितली आणि तो निघून गेला. जाताना पुन्हा येण्याचे सांगून गेला.

सरकारने मठाला सशस्त्र पहारा देऊ केला. संन्याशांनी तो नाकारला. डोंगरातल्या बंडखोरांना ते 'डोंगरावरचे भाऊ' म्हणत आणि सैनिकांना 'सपाटीवरचे भाऊ'. एका भावाची बंदूक दारात उभी करून दुसऱ्या भावाला औषध देता येत नाही, हे त्यांना समजत होते. पण राहायचे की जायचे हा प्रश्न होताच. सुरुवातीला काहींचा कल निघून जाण्याकडे होता. त्यांनी आपापसांत खल केला, गावकऱ्यांशी बोलले. आम्ही फांदीवरच्या पाखरांसारखे आहोत, कधी उडावे लागेल सांगता येत नाही, असे एक संन्यासी म्हणाला. तेव्हा गावातल्या माणसाने उत्तर दिले, की पाखरे तर आम्ही आहोत, फांदी तुम्ही. तुम्ही गेलात तर आम्ही बसायचे कुठे? हे उत्तर ऐकल्यावर जाणे कठीण झाले. गावकऱ्यांकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नव्हता. ज्याला जाता येते त्याने, ज्यांना जाता येत नाही त्यांच्याबरोबर राहणे, हा सेवेचा शेवटचा अर्थ त्यांच्या वाट्याला आला.

२६-२७ मार्च १९९६ च्या रात्री हत्यारबंद लोकांनी सात संन्याशांना उचलून नेले. मठात त्या रात्री नऊजण होते. दोघे नजरेतून सुटले. मे महिन्यात जीआयएच्या नावाने पत्रक निघाले, की २१ मे रोजी त्यांना ठार केले. ३० मे रोजी मेदिआजवळ फक्त सात मस्तके सापडली. धडे कधीच मिळाली नाहीत. ल्युक तेव्हा ८२ वर्षांचे होते. तिबहिरीनमध्येच त्यांचे दफन झाले, गावकऱ्यांच्या उपस्थितीत. हत्या नेमकी कशी व कुणी केली याबद्दल नंतर लष्करावरही संशय घेतला गेला, फ्रान्समध्ये न्यायालयीन चौकशी झाली, पण हा वाद निकालात निघालेला नाही.

या प्रकरणातील जी गोष्ट मुसलमान वाचकाने डोळे उघडे ठेवून वाचायला हवी ती यापुढची आहे. एप्रिल १९९६ मध्ये जीआयएने जे पत्रक काढले त्यात धार्मिक युक्तिवाद होता. हजरत अबू बक्र (र.) यांनी आपल्या सेनापतीला निरोप देताना मठांत ईशचिंतन करणाऱ्यांना हात लावू नका, असे बजावले होते. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता' या ग्रंथात हा आदेश नोंदलेला आहे, आणि अल्जेरियाचे मुसलमान मालिकी पंथाचेच. तेव्हा या आदेशाला बगल देणे भाग होते. त्यासाठी इब्न तैमिया यांच्या एका फतव्याचा आधार घेऊन असा तर्क मांडला गेला, की अभय आहे ते एकांतात, लोकांपासून दूर राहणाऱ्या संन्याशाला. हे संन्यासी तर मठ सोडून लोकांत मिसळतात, त्यांना धर्मापासून वळवतात, म्हणून त्यांना अभय नाही.

किती विलक्षण गोष्ट आहे ही! गावाच्या दृष्टीने जो त्यांचा सर्वांत मोठा गुण, तोच मारेकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठा गुन्हा ठरला. दारे बंद करून बसले असते तर जगले असते. दवाखाना उघडा ठेवला, मळा भागीने कसला, नमाजासाठी खोली दिली, म्हणून मारण्यास पात्र ठरले. या तर्काचा धागा धरून पुढे गेले तर माणूस माणसाच्या जितका जवळ येईल तितका तो असुरक्षित व्हायला हवा. इस्लामची शिकवण नेमकी उलट्या दिशेची आहे. शेजाऱ्याच्या हक्काविषयी हजरत जिब्रईल (अ.) यांनी इतका वारंवार आग्रह धरला, की शेजाऱ्याला वारसाहक्कातही वाटा मिळणार असे हजरत मुहम्मद (स.) यांना वाटू लागले, ही हदीस आम्ही उर्दू शाळेत लहान मुलांना शिकवतो. तिच्यात शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. आणि सूरह मायदामध्ये मुसलमानांना प्रेमाने जवळचे कोण याचा उल्लेख येतो, तिथे राहिबांचे नाव आहे. कारणही दिले आहे, की ते अहंकार करीत नाहीत. मिसळणे हे अहंकार नसल्याचे लक्षण आहे. जवळ येण्याने अभय संपत नाही. जवळ आल्यावर त्यात शेजाऱ्याच्या हक्काची भर पडते.

इथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. सात फ्रेंच संन्याशांवर पुस्तके निघाली, २०१० मध्ये चित्रपट निघाला, त्याला कान महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला. ८ डिसेंबर २०१८ रोजी ओरान शहरात चर्चने त्यांना धन्य घोषित केले. पण त्याच वर्षांत मारले गेलेले लाखभर अल्जेरियन कुणाच्या स्मरणात आहेत? हिंसेला धर्माचा शिक्का मारायला नकार दिला म्हणून ज्या अनेक इमामांचे प्राण गेले, त्यांची नावे कोण घेतो? १ ऑगस्ट १९९६ रोजी ओरानचे बिशप क्लाव्हेरी बॉम्बस्फोटात मारले गेले, तेव्हा त्यांचा तरुण मुसलमान वाहनचालक मुहम्मद बुशिखी त्यांच्यासोबतच मेला. धोका त्यालाही ठाऊक होता. गोऱ्या माणसाचा मृत्यू जगाला मोठा दिसतो, ही तक्रार खोटी नाही.

पण ही तक्रार सर्वांत आधी क्रिस्तियां यांनीच ओळखली होती. डिसेंबर १९९३ आणि जानेवारी १९९४ या काळात त्यांनी मृत्युपत्रासारखे एक पत्र लिहून ठेवले होते. मृत्यूनंतर ते प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी विनंती केली, की माझे मरण आले तर त्याला त्या असंख्य अनाम मरणांपासून वेगळे काढू नका. माझ्या रक्ताचे निमित्त करून या लोकांवर, इस्लामवर सरसकट दोष ठेवू नका. आणि ज्याच्या हातून मरण येईल त्या अनोळखी माणसालाही त्यांनी मित्र म्हणून साद घातली होती. मारेकऱ्याला केलेली क्षमा आपल्याला चटकन दिसते. त्याहून दुर्मीळ आहे ती दुसरी काळजी, की माझ्या मरणामुळे माझा शेजारी बदनाम होऊ नये. जिवंतपणी शेजारधर्म पाळणारे पुष्कळ आहेत. स्वतःच्या खुनानंतरही तो पाळला जावा अशी तजवीज करून ठेवणारा विरळा.

राहण्याचा निर्णय बरोबर होता काय? याचे निखळ उत्तर मला देता येत नाही. त्यांच्या राहण्याने गाव वाचले असेही नाही. गावाने पुष्कळ सोसले. ज्या शेजाऱ्यांनी त्यांना फांदी म्हटले, त्यांना त्या रात्री काही करता आले नाही. १९५९ मध्ये एक मुहम्मद मध्ये पडू शकला. १९९६ मध्ये मध्ये पडायला जागाच ठेवलेली नव्हती. निःशस्त्र शेजाऱ्याने सशस्त्र माणसासमोर किती उभे राहावे, याचा हिशेब सुरक्षित ठिकाणी बसून मांडणे सोपे आहे. मी तो मांडणार नाही. एवढेच म्हणेन, की गावकऱ्यांची असहायता आणि मारेकऱ्यांचा फतवा या दोन गोष्टी एका तागडीत घालून 'मुसलमानांनी मारले' असे म्हणणे हा त्या गावावर अन्याय आहे. आणि 'ते मुसलमान नव्हतेच' असे म्हणून हात झटकणे ही आपली पळवाट आहे. फतवा आपल्या ग्रंथांतून काढला गेला असेल तर त्याचे उत्तरही आपल्याच ग्रंथांतून, आपल्याच आलिमांनी आणि शिक्षकांनी दिले पाहिजे.

सुटलेल्या दोघांपैकी शेवटचे, जां-पिएर शूमाखेर, मोरोक्कोतील मिदेल्त येथल्या मठात २०२१ मध्ये ९७ व्या वर्षी वारले. तिबहिरीनची फळबाग मात्र वाळली नाही. २००१ पासून शेतीशास्त्र जाणणारा एक फ्रेंच पाद्री गावातल्या माणसांच्या जोडीने ती कसू लागला आणि २०१६ मध्ये एक लहान ख्रिस्ती समुदाय मठात राहायला आला. सात कबरी बघायला येणाऱ्यांत अल्जेरियन मुसलमान मोठ्या संख्येने असतात. झाडांना पाणी घालणाऱ्यांपैकी सेवक कोण आणि ज्याची सेवा होते तो कोण, हे तिथे आलेल्या पाहुण्याला ओळखता येणार नाही. सेवेची कसोटी लावायची असेल तर मी हीच लावीन.